शेवटच्या बाकावरचं गाणं

मुकादमांना कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकू यायचं. पुढे जे महाभारत झालं ते एवढ्यामुळेच झालं, म्हणून हे आधी सांगून ठेवतो.

गावात एके काळी कापडाची गिरणी होती. तिच्या मागशाळेत एका वेळी इतके माग खडखडत असत की शेजाऱ्याच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसती गरम हवा लागायची. आता अशा ठिकाणी माणसांनी काय करावं? गप्प राहावं? माणसाला बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. तेव्हा त्यांनी आवाजाशिवाय बोलायची रीत काढली. ओठ मोठे करायचे, गाल ताणायचे, शब्द नीट घडवायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत टाकायचा. तिला ते ओठबोली म्हणत. गिरणी सुटल्यावरही ती सुटली नाही. बाजारात रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला सासूची यथेच्छ निंदा चालायची आणि सासू मधोमध उभी राहून निवांत कांदे निवडत असायची.

मुकादम तिथे आधी मागावर होते, मग मुकादम झाले आणि तेच त्यांचं नाव पडलं. माग बिघडला तर ते कान लावत नसत, कारण कानांत तोवर फक्त मागच उरले होते. ते रांगेतून चालत जात आणि प्रत्येक मागाच्या लाकडावर तळहात ठेवत. चालू मागाची थरथर त्याची स्वतःची असते. बंद मागही शेजाऱ्यांमुळे थोडा थरथरतो, पण ती थरथर उसनी असते. स्वतःची कुठली, उसनी कुठली, हे मुकादमांच्या हाताला कळायचं.

बायकोही तिथलीच. तरुणपणी मागावरून सुटलेला धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा, तोंडावर बसला आणि तिचा डावीकडचा दात गेला. ती खिंडार दिसू नये म्हणून वाक्य संपलं की ओठांचा डावा कोपरा टुपकन आत घ्यायची. जसं लिहिताना आपण पूर्णविराम देतो, तसं. ओठबोलीत प्रत्येकाचं हस्ताक्षर वेगळं असतं, आणि तिचं हे असं होतं. मुकादमांनी तिला लग्नाचं विचारलं ते चालू मागांच्या रांगेपलीकडून. ती म्हणाली, "विचार करून सांगते," आणि कोपरा आत घेतला. तेवढ्यावरूनच त्यांना उत्तर कळलं. पुढे दोघांचं घरातलं भांडणसुद्धा याच बोलीत व्हायचं. लेक लहान असताना तिला वाटायचं, आईबाबा एकमेकांना वेडावून दाखवतायत.

गिरणी बंद झाली. त्याच इमारतीत भाज्या गोठवून पिशव्यांत भरायचा कारखाना आला. मुकादम म्हणाले, "मी काही मटार मोजायला जाणार नाही." बायको म्हणाली, "मग मी जाते," आणि गेली. बरीच वर्षं गेली. ती तिथे काय करते, कुणाबरोबर डबा खाते, हे मुकादमांनी कधी विचारलं नाही. रुसवा होता. तो गिरणीवरचा होता, पण गिरणी समोर नव्हती, बायको होती. दोन वर्षांपूर्वी ती वारली, आणि तो प्रश्न विचारायचा राहून गेला.

मागावरची बाकीची माणसं आधीच गेली होती; ती गेल्यावर ओठबोलीत बोलायला उरला एकटा लंबू, जुना सोबती. तर त्याच्या डोळ्यांत पडदा आला. एकाचे कान गेले, दुसऱ्याचे डोळे गेले. लंबू म्हणायचा, "आपण दोघं मिळून एक धड माणूस होतो रे." पण त्या एका माणसाला स्वतःशीच किती बोलता येणार?

खरं सांगायचं तर मुकादमांचं काही वाईट चाललं नव्हतं. पेन्शन होतं, घर स्वतःचं होतं, कान सोडले तर तब्येत ठणठणीत. पण सकाळी खिडकीशी बसलं की गाव परकं वाटायचं. समोरच्या दुकानांच्या पाट्यांवर परकी अक्षरं. कारखान्याची पाळी सुटली की रस्ता भरून माणसं जात, त्यांतलं एक तोंड ओळखीचं नाही. वरच्या मजल्यावर दोन तरुण संसार थाटून राहत होते. लपूनछपून नाही, दारावर दोघांची नावं लावून. आणि लेक, जी शाळेत शिकवते, ती त्यांच्याकडे चहाला जात होती. तिनं स्वतः नवऱ्याचं घर सोडलं होतं आणि वर आनंदात होती. जेवताना मुकादमांनी जुना विनोद केला तर ती म्हणायची, "बाबा, असं आता बोलत नाहीत." जन्मभर वापरलेले शब्द एकेक करून जप्त होत होते. जप्ती करणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसत नव्हता.

त्या दिवसांत त्यांच्याकडे इस्त्री आला. म्हणजे माणूसच, पण शर्टाला कायम कडक इस्त्री म्हणून गावानं त्याला तेच नाव दिलं होतं. तो घरधनी पक्षाचा. 'आपल्या घरात आपण धनी' हे त्यांचं वाक्य. इस्त्री आला, खुर्ची ओढून समोर बसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही बोला. मी ऐकायला आलोय." मुकादम तासभर बोलले. गिरणी, माग, ओठबोली, पाट्या, सगळं. इस्त्रीनं एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. जाताना म्हणाला, "तुमच्या शब्दाला गावात वजन आहे, काका." मुकादम दारात बराच वेळ उभे राहिले. असं वाक्य त्यांना कुणी ऐकवून किती काळ लोटला होता. पुढच्या महिन्यात पक्षाच्या नव्या फलकावर दोन मोठे ओठ आले आणि खाली 'आपली बोली, आपलं गाव.' मुकादमांनी तो फलक आपल्या खिडकीत लावला.

आता प्रार्थनाघराकडे येऊ, कारण गोष्ट तिथेच घडायची आहे.

ते गिरणीच्या कामगारांनी आपल्या हातांनी बांधलं होतं. जमीन लाकडी, बाकं मोडीत निघालेल्या मागांच्या लाकडाची. तिथे वाद्यं नसत. एक जण पुढे लोकांकडे तोंड करून उभा राहून ओळ टाकायचा आणि सगळे ती झेलायचे. कितीतरी वर्षं हा मान मुकादमांचा होता. कान गेले तरी गळ्याला सूर पाठ होता, आणि लोकांची लय त्यांना त्यांच्या ओठांवर दिसायची. शेवटचं गाणं नेहमी विणकरांचं असे:

तुझ्या मागावरचा धागा मी,
तुटलो तर सांध मला.

हे म्हणताना मुकादमांच्या छातीतलं सगळं मळभ निघून जायचं. देवासमोर उभं राहून तोंड उघडलं की माणूस हलका होतो, त्याला तर्क लागत नाही.

कारखान्यातली नवी माणसंही तिथे येऊ लागली. देव त्यांचाही तोच होता की दुसरा, हे कुणी विचारलं नाही. ती शेवटच्या बाकावर बसत आणि गात. पण शब्द जरा वेगळे वळवत, एखाद्या मात्रेनं मागे राहत. जुन्या लोकांनी माना वळवायला सुरुवात केली. इस्त्रीनं प्रार्थनाघराच्या समितीत विषय काढला आणि नियम झाला: गाणं जुन्या घरांचं. भिंतीवर पाटी लागली, 'पाहुण्यांनी शांतपणे ऐकावे.' मुकादमांनी हात वर केला होता. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. ऐका म्हटलंय, जा तर म्हटलं नाही.

पुढे काही महिन्यांनी, गाणं टाकता टाकता मुकादमांची नजर शेवटच्या बाकावर गेली. तिथे सगळ्यांचे ओठ हलत होते. एकूण एक. बिनदिक्कत, शब्दाला शब्द. पुढच्या प्रार्थनेला पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. मुकादमांच्या कानशिलात आग उठली. आपल्यासमोर, आपल्याच घरात, पाटीखाली बसून गातात. त्यांनी इस्त्रीला सांगितलं, "ते गातात. मोठ्यानं गातात. मी ऐकलं."

इस्त्रीचा चेहरा उजळला. "मग आता बाक उचलू या, काका. दारच बंद करू. पुढच्या प्रार्थनेनंतर सभा घेतो. तुम्ही फक्त उभं राहून सांगायचं."

प्रार्थनेच्या आदल्या दिवशी दुपारी लेक आली. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि बाबांच्या समोर येऊन उभी राहिली, म्हणजे तिचे ओठ दिसतील अशी. तेवढी सवय तिला होती.

"बाबा, तक्रार तुम्ही केलीत म्हणे."

"केली. गातात ते. मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"कुठल्या कानांनी?"

मुकादमांचा हात कानाकडे गेला. मग म्हणाले, "ओठ हलताना पाहिले मी. पाहिलं काय, ऐकलं काय, आमच्यात एकच."

"तुमच्यात असेल. मी त्यांच्या पुढच्याच बाकावर बसते. नेहमी उशीर होतो म्हणून. माझ्या मानेवर त्यांचा श्वास लागतो, बाबा. आवाज येत नाही."

"तू त्यांच्या बाजूची आहेस."

"माझे कान कुठल्या बाजूचे नाहीत." तिनं चहा टाकला. पाठ वळली तसं तिचं बोलणं बंद झालं, निदान मुकादमांसाठी. कप घेऊन ती पुन्हा समोर आली. "मला एक सांगा. तुमचं पेन्शन त्यांनी खाल्लं का? घर घेतलं? कारखान्यात काम मिळत होतं तेव्हा तुम्हीच नको म्हणालात."

"कुणी काही घेतलं नाही." मुकादमांनी कप हातात धरून ठेवला. "तेच तर दुखणं आहे. घेतलं असतं तर भांडता आलं असतं. आता मला सांग, मी कोणाशी भांडू? सगळं जिथल्या तिथे आहे, आणि माझं काही नाही. मी माझ्याच गावात पाहुण्यासारखा बसतो. कुठला शब्द चालतो, कुठला नाही, ते तुझ्याकडून शिकायचं. माझ्या विनोदाला कुणी हसत नाही."

"ते विनोद पहिल्यापासूनच भंगार होते. आई माझ्याकडे बघून तोंड वाकडं करायची."

मुकादमांच्या ओठांवर हसू येता येता राहिलं.

"त्या इस्त्रीनं असं काय दिलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"तासभर ऐकून घेतलं माझं. तू कधी ऐकलंस?"

 चुलीवर पाणी मारावं तशी लेक विझली. टेबलाच्या कडेवरून ती बोट फिरवत राहिली. बाबांचे कान गेल्यापासून समोर उभं राहून एकेक शब्द घडवायचा तिला कंटाळा येत असे. म्हणून ती थोडक्यात आवरायची. हे तिला ठाऊक होतं, आणि बाबांनाही ठाऊक होतं हे तिला आत्ता कळलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "माझं चुकलं ते मी सुधारीन. पण तुमच्या एका शब्दावर उद्या त्या माणसांना दार बंद होणार आहे. उभं राहायच्या आधी एकदा मागे येऊन बसा. तासभर नको. एक गाणं."

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी पुढची जागा लंबूला दिली. लंबू म्हणाला, "मला कुणी दिसणार नाही."

"गायला दिसावं लागत नाही."

"मग तू इतकी वर्षं कशाला बघत होतास?" असं म्हणून तो चाचपडत पुढे गेला.

इस्त्री लगबगीनं आला. "काका, आज मागे? बरं नाही का?"

"गुडघा," मुकादम म्हणाले. देवाच्या घरात ही एवढी थाप मारून ते शेवटच्या बाकाच्या टोकाला जाऊन बसले. बाकावरची माणसं सरकली. कुणी त्यांच्याकडे वर पाहिलं नाही. शेजारी निळा स्वेटर घातलेली एक बाई होती, चाळिशीची असेल, हातांच्या बोटांना गारठ्यानं कायमच्या भेगा. पुढच्या बाकावर लेकीची मान दिसत होती.

विणकरांचं गाणं सुरू झालं. पुढे लंबूचे ओठ पाहून मुकादमांना ते कळलं. त्यांनी डावा तळहात लेकीच्या बाकाच्या पाठीवर ठेवला. लाकूड थरथरत होतं. जोरात, आतून, चालू मागासारखं. मग उजवा हात आपल्या बाकावर टेकला.

आणि ते दचकले. थरथर होती, पण कशी? जमिनीवरून आलेली, शेजाऱ्याची, उसनी. या बाकाचं स्वतःचं काही नव्हतं. हा माग बंद होता.

त्यांनी मान वळवली. बाकावरचे सगळे ओठ हलत होते. मोठे केलेले ओठ, ताणलेले गाल, नीट घडवून सोडलेला एकेक शब्द. आवाज म्हणाल तर सुईइतकाही नाही.  ही माणसं गुणगुणत नव्हती, चोरून गात नव्हती. ती ओठबोलीत गात होती. जी बोली गावात आता कुणाला येत नाही, जी आपल्याबरोबरच मातीत जाणार म्हणून त्यांनी मनाशी तिचे दिवस घातले होते, ती इथे शेवटच्या बाकावर नांदत होती. पुरुष, बाया, सगळ्यांच्या तोंडी. त्यांच्यासमोरच इतके महिने ती चालू होती आणि त्यांनी तिला गोंगाट म्हणून कळवलं होतं.

तुटलो तर सांध मला. ओळ संपली. आणि निळ्या स्वेटरच्या बाईनं ओठांचा डावा कोपरा टुपकन आत घेतला.

मुकादम बघतच राहिले. पुढची ओळ आली, संपली, कोपरा आत गेला. बाईचे दात सगळे जागच्या जागी होते, पांढरेशुभ्र, एकही खिंडार नाही. तिला काही लपवायचंच नव्हतं. तिनं तो पूर्णविराम तसाच उचलला होता, जसा मिळाला तसा, बोलीचाच भाग समजून. दोन वर्षांपूर्वी मिटलेलं एक तोंड या अनोळखी चेहऱ्यावर पुन्हा बोलत होतं. देवानं कुठे काय जपून ठेवलेलं असतं, ते माणसाला त्याची वेळ आल्याशिवाय दिसत नाही.

गाणं थांबलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे तोंड केलं. ओठ जड झाले होते. आवाज न काढता विचारलं, "कुणी शिकवलं?"

बाईनं आधी पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आवाज न काढता म्हणाली, "मावशीनं. मटाराच्या पट्ट्यावर. तिथे यंत्रं फार ओरडतात."

"गाणंही?"

"गाणंही. हात कामात, ओठ गाण्यात. सगळी रांग गायची." ती थांबली. "मला तुमची भाषा बोलताना लाज वाटायची. सगळे हसायचे. मावशी म्हणाली, ओठांनी बोल, ओठांना परका उच्चार नसतो."

मुकादमांनी स्वतःच्या छातीवर बोट टेकलं. "मी कोण, माहीत आहे?"

"मावशीचे मुकादम. ती म्हणायची, प्रार्थनेला पुढे उभे असतात, त्यांचे ओठ स्वच्छ आहेत, बघून शिक. उरलेली कडवी तुमच्याकडूनच घेतली." मग तिच्या कपाळावर आठी आली. "काका, आम्ही आवाज करत नाही. पाटी वाचली आहे. ओठही हलवायचे नसतात का?"

मुकादमांनी मान वळवून पाटीकडे पाहिलं. इतक्यात लेकीनं मागे वळून सांगितलं, "बाबा, तुमचं नाव पुकारलं."

समितीचा अध्यक्ष औषधवाला होता. चष्मा कपाळावर चढवून तो पुढे उभा होता, आणि त्याच्या शेजारी इस्त्री. मुकादम बाकांमधून चालत पुढे गेले, गुडघ्याची थाप विसरून, सरळ. वळले आणि लोकांकडे तोंड केलं.

"मुकादम," औषधवाला म्हणाला, "तुम्ही जे ऐकलंत ते सांगा."

"मी काही ऐकलेलं नाही," मुकादम म्हणाले. "मला ऐकू येत नाही. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि मला तेवढं विसरायला झालं."

पुढच्या बाकांवर खसखस पिकली.

"मी ओठ पाहिले आणि आवाज मनानं घातला. राग होता, त्यानं सूर लावून दिला. आत्ता त्यांच्या बाकाला हात लावून आलोय. बंद मागासारखा आहे. त्यांनी तुमचा नियम एका अक्षरानंही मोडलेला नाही. मी मात्र इथे खोटं सांगणार होतो. ते मी परत घेतो."

औषधवाल्यानं चष्मा डोळ्यांवर आणला. इस्त्री हसत पुढे झाला. हसणं अजून कडक होतं. "काका थकलेत. मुद्दा आवाजाचा नाहीच आहे, मंडळी."

"तू मला आवाजाचाच सांगितला होतास."

"मुद्दा आपलेपणाचा आहे. गाणं आपलं. ओठबोली आपली. आपल्या फलकावर आहे ती. ती जपायची की नाही?"

मुकादमांनी त्याच्याकडे पाहिलं. राग असा आला नाही. या पोरानं तासभर ऐकून घेतलं होतं, ते काही खोटं नव्हतं. पण काय ऐकलं होतं त्यानं? मुकादमांनी त्याच्यासमोर ओठ मोठे केले आणि आवाज न काढता, अगदी स्वच्छ, शब्द नीट घडवून एक वाक्य म्हटलं.

म्हाताऱ्या माणसाचं न समजलेलं बोलणं ऐकून आपण जसं करतो तसंच इस्त्रीनं केलं. मान डोलावली. "हो हो, काका. अगदी बरोबर."

शेवटचा बाक फुटला. सगळ्याच्या सगळ्या माणसांना हसू आवरेना. निळ्या स्वेटरच्या बाईनं तोंडावर हात दाबला तरी तिचे खांदे गदगदत होते. इतक्या महिन्यांत त्या बाकावरून आलेला हा पहिला आवाज. सगळ्या माना वळल्या. लंबूनं विचारलं, "काय म्हणाला? अरे, मला कुणीतरी सांगा." आणि मागून एकानं, अडखळत, परक्या वळणानं, पण मोठ्यानं सांगितलं:

"म्हणाले, तुझ्या पुढच्या दातात पालेभाजीचं पान अडकलंय, सकाळपासून सभा तेच घेतंय."

मग मात्र प्रार्थनाघरात कुणाला कुणाचा धरबंध राहिला नाही. औषधवाला चष्मा पुसू लागला. इस्त्रीची जीभ नकळत दातांकडे गेली, आणि पान तिथेच होतं. मुकादमांना हसणं ऐकू आलं नाही. पण जमिनीच्या फळ्यांमधून ते त्यांच्या तळपायात चढलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या विनोदाला माणसं हसतायत.

इस्त्री गेला. "विषय संपलेला नाही," असं औषधवाल्याला बजावून गेला, आणि त्याच्याबरोबर काही घरंही उठली. त्यांत मुकादमांचे चांगले ओळखीचे लोक होते. एक जण जाताना त्यांच्याकडे असा बघून गेला की पुढे रस्त्यात भेटला तर बोलेल की नाही, सांगता येईना. मुकादमांना त्यांचं गाव एका दिवसात परत मिळालं होतं असंही नाही. उद्या सकाळी खिडकीशी बसलं की समोर त्याच पाट्या असणार होत्या. पण औषधवाला म्हणाला, "तक्रारच उरली नाही तर ठराव कशाचा करू? दार आहे तसं राहील," आणि पाटीकडे बघून पुटपुटला, "हिचं काय करायचं ते बघू."

"आत्ता बघ," मुकादम म्हणाले. "मी आज गायलेलो नाही."

ते आपल्या जागी उभे राहिले. लंबू बाजूला सरकला, पण बसला नाही. मुकादमांनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं आणि ओठांनी एकच शब्द म्हटला, "आवाज." तिकडे चुळबुळ झाली. बाईनं पाटीकडे पाहिलं, औषधवाल्याकडे पाहिलं. औषधवाला छताकडे पाहत होता.

मुकादमांनी ओळ टाकली. तुझ्या मागावरचा धागा मी. पुढचे ओठ हलले, मधले हलले, शेवटचे हलले. पण शेवटचे तर नेहमीच हलत होते. आवाज आहे की नाही हे त्यांना इथून कसं कळावं? त्यांनी लेकीकडे पाहिलं.

लेक उभी होती. तिनं कधी न शिकलेली बोली ती आयुष्यात पहिल्यांदा बोलायला निघाली. ओठ वेडेवाकडे ताणून, गाल नको तिथे फुगवून, लहान मुलानं अक्षर गिरवावं तशी ती म्हणाली, "येतोय. बाबा. आवाज येतोय."

तिचे ओठ बघता बघता मुकादमांची पुढची ओळ गेली. जन्मभराची ओळ, डोक्यातून साफ गेली. ते तोंड उघडं ठेवून उभे राहिले आणि सगळं प्रार्थनाघर त्यांच्यासाठी थांबलं. पायांखालच्या फळ्याही शांत झाल्या.

तेव्हा शेवटच्या बाकावर निळ्या स्वेटरची बाई त्यांच्याकडे सरळ बघत, ओठ मोठे करून, शब्द शब्द घडवून त्यांना ओळ सांगू लागली. तुटलो तर सांध मला. आणि डावा कोपरा आत घेतला.

मुकादमांनी ओळ तिथून घेतली आणि टाकली. फळ्या पुन्हा थरथरू लागल्या. त्यांनी वाकून पुढच्या बाकावर तळहात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत उचलला नाही.